साडेतीन मुठींवरचा ध्रुव

शनिवारची रात्र, साडेनऊ. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका टाउनहाउसमध्ये जेवणं आटोपली होती आणि ऋषी, इशिता, अनिका एका लॅपटॉपभोवती डोकी घालून बसले होते. स्कॉटलंडच्या खेड्यात चार दिवस, तेही स्वस्तात. ऋषीच्या बाबांचे जुने मित्र उल्हासकाका कोपऱ्यातल्या खुर्चीत बडीशेप चघळत ऐकत होते.

"मार्चमध्ये घेऊ यार, ऑफ-सीझन आहे," ऋषी म्हणाला. "एक कॉटेज, एक गाडी. थेपले इथूनच नेऊ."

"मेंढ्या आणि धुकंच बघायचं ना?" अनिका म्हणाली. "मग इथेच ब्लू रिजच्या डोंगरात जाऊ. सिरियसली, सेमच दिसतं."

काकांचं चघळणं थांबलं.

"एकानं तसं केलं होतं," ते म्हणाले. "माझ्या टीममध्ये होता. विनय. त्यानं स्वतः सांगितलं मला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. असू दे गं इशिता, दिवा नको लावूस."

आणि काकांनी सांगायला सुरुवात केली.

विनय मूळचा वर्ध्याचा. आई लहानपणी गेली, तेव्हा वसुधामावशीनं त्याला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्याच पगारातून विनयचं इंजिनिअरिंग झालं. सत्तरी उलटल्यावर तिला विसरायला होऊ लागलं, म्हणून विनयनं तिला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. पण नकाशा पाठ. कुठल्याही देशाचं नाव घ्या, अक्षांश-रेखांशासकट सांगायची.

तिची एकच मागणी होती. "विन्या, सगळं जाईल रे डोक्यातून. त्याआधी एकदा स्कॉटलंड बघू दे. आयुष्यभर फळ्यावर काढलं मी ते."

विनयची बायको निधी. तिनं हिशोब मांडला. तिघांची तिकिटं, तिघांचे व्हिसा, म्हातारीचा इन्शुरन्स. आकडा बघून विनय हसला.

"आणि घरी आल्यावर तिला आठवणारच नाही," तो म्हणाला.

"मग जायचंच कशाला?" निधी म्हणाली.

इथून त्यांना ती कल्पना सुचली. आधी चेष्टाच होती. मग चेष्टेचं बुकिंग झालं.

आठ नोव्हेंबर, शनिवार. गेल्या वर्षीची गोष्ट आहे, म्हणजे २०२५. सकाळी त्यांनी मावशीला विमानतळावर नेलं. तासभर खुर्चीत बसवलं, विमानं दाखवली, दहीभात भरवला. त्या भातात अ‍ॅलर्जीची गोळी कुटून घातली होती. झोप येते ना, ती.

"काका!" इशिता म्हणाली.

"ऐक आता. विचारलंत ना स्वस्तात कसं."

गाडीत मागे मावशी झोपली आणि विनय चार तास पश्चिमेला चालवत गेला. ब्लू रिजच्या डोंगरात एक लाकडी केबिन घेतली होती, दोन रात्रींची, ऑफ-सीझनचा रेट. वर चढता चढता धुकं आलं. कुणाच्या तरी कुरणात मेंढ्या होत्या. निधीनं फोनवर बॅगपाइप लावला आणि मावशीला हलवलं.

"उठा मावशी. उतरलो आपण. एडिनबराहून पुढेही आलो. तुम्ही झोपलात विमानात."

मावशी उतरली. अंगात विनयचा कॉलेजचा जुना हुडी, खाली सुती साडी. तिनं खाली बसून ओल्या गवताला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. रडली. "हवा वेगळी आहे रे," म्हणाली.

निधीनं तेवढा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बजेट स्कॉटलंड, पर हेड साठ डॉलर. हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. संध्याकाळभर दोघं एकमेकांना उत्तरं वाचून दाखवत होती. मावशी शेजारीच बसलेली. तीही हसत होती, सगळे हसताहेत म्हणून.

रात्री दहाला धुकं विरलं. आकाश लख्ख झालं. मावशी अंगणात गेली, तिच्यामागे विनय. उत्तरेला दरी होती, क्षितिज मोकळं. मावशीनं हात ताठ समोर धरला, मूठ वळली आणि क्षितिजावर ठेवली. तिच्यावर दुसरी मूठ. तिच्यावर पुन्हा पहिली.

हे तिनं शाळेतल्या प्रत्येक मुलीला शिकवलं होतं. ताठ हाताची एक मूठ म्हणजे दहा अंश. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या गावाचा अक्षांश. उत्तर गोलार्धात कुठेही.

"साडेतीन," ती म्हणाली.

"काय साडेतीन?"

"साडेतीन मुठी. स्कॉटलंडात पावणेसहा हव्यात." तिनं पुन्हा मोजलं. हळू, नीट. "हे स्कॉटलंड नाही, विन्या."

केबिनच्या दारातून निधी ओरडली, "मावशी, थंडीत खाली दिसतो तो!"

"ध्रुव खाली येत नाही गं," मावशी म्हणाली. मग विनयकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात पोरगी चुकली की बाईंचा असतो तसा चेहरा होता. "आपण चुकीच्या जागी उतरलोय. मग आता तिकडे जायचं कसं?"

विनयनं दिवसभर गाडी चालवली होती. दोन बिअर झाल्या होत्या. पकडला गेला होता, तेही विसरणाऱ्या म्हातारीकडून.

"तो रस्ता दिसतो?" तो म्हणाला. "सरळ चालत जा. सकाळपर्यंत पोचशील."

मावशीनं रस्त्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाली.

तो आत आला. दार लोटलं. कडी लावली नाही... लावली, हे त्यानं मला दुसऱ्या वेळी सांगितलं.

पावणेदोनला त्याला जाग आली. मावशीचा पलंग रिकामा. पांघरुणाची घडी तशीच. तेव्हा त्याला आठवलं की आपण तिला आत घेतलंच नाही.

निधीला न उठवता त्यानं गाडी काढली. गेटबाहेर एकच रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी. काचा खाली, वेग दहा. हाका मारत चालला होता. अर्धा मैल. एक मैल. दिवे नाहीत, घरं नाहीत.

मग ती दिसली.

हेडलाइटच्या टोकाला. पाठमोरी. हुडी, साडी. रस्त्याच्या मधून चालली होती, भाजी आणायला निघाल्यासारखी.

"मावशी!"

वळली नाही. त्यानं वेग वाढवला. वीस. तीस. ती तशीच चालत होती. अंतर तेवढंच.

चाळीस.

अंतर तेवढंच.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. गाडीतलं घड्याळ दोन पस्तीस दाखवत होतं तेव्हा ती थांबली. तोही थांबला. उतरला. इंजिन चालू ठेवून.

तिनं हात समोर धरला होता. मुठीवर मूठ.

"चार," ती म्हणाली.

दोन पावलं पुढे.

"साडेचार..."

विनयनं वर बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. त्याला तिनंच शिकवलं होतं सातवीत. त्यानं हात ताठ केला. मूठ वळली.

साडेचार.

पुन्हा मोजलं.

साडेचार.

"पाच..." समोरून आवाज आला.

त्याच्या मुठीवरचा तारा वर सरकला होता.

आता त्याला कळलं की दोन्ही बाजूंची झाडी नाही. एकही झाड नाही. उघडे डोंगर. वारा. पायाखाली डांबर नव्हतं, काहीतरी मऊ होतं. रुतत होतं. आणि मावशी वळत होती. हळू. हात पुढे करून, रस्ता ओलांडताना पोराचा हात धरायला करतात तसा.

"ये," ती म्हणाली. "आता थोडंच..."

तो पळाला.

काका इथे थांबले. ऋषीनं लॅपटॉप कधीच मिटला होता.

"तिला तिथे ठेवून?" अनिका म्हणाली.

"तिला तिथे ठेवून. दुसऱ्यांदा."

गाडीत शिरला, दारं लॉक केली, रिव्हर्स टाकला. मागे बघत, वळायचं धाडस नाही. जेमतेम मिनिटभर मागे गेला असेल, तर गाडीची मागची बाजू केबिनच्या गेटवर आदळली.

मग त्यानं नाइन-वन-वन केलं. साडेतीनला शेरिफचा माणूस आला, टॉर्च घेऊन. त्याला शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. गेटपासून शंभर पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या चरात मावशी उताणी पडली होती. डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेली. आणि म्हणाले, मध्यरात्रीच्या आधी.

"म्हातारी होती, विसरायची, भटकली," असं निधीनं सगळ्यांना सांगितलं. व्हिडिओ डिलीट केला. ग्रुपवरच्या त्याच चेहऱ्यांनी हात जोडले.

सकाळी ओळख पटवायला विनयला हॉस्पिटलच्या एका खोलीत नेलं. साडीच्या निऱ्या पांढऱ्या पडून कडक उभ्या होत्या, कमरेपर्यंत. त्याला वाटलं, दव गोठलंय. पण खोली उबदार होती. तिथं तो तासभर उभा राहिला, आणि ते वितळेना.

सगळ्यात जवळचा समुद्र तिथून सहा तासांवर.

त्यानं निरीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरे कण चिकटले.

जिभेला लावले.

खारट होते.