मूळ सभासद स्वतः हजर

नानांचे पॉइंट्स महिनाअखेर फुकट जाणार होते, आणि नाना असते तर त्यांनी ते जाऊ दिले नसते. एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं.

नाना म्हणजे माझे सासरे. एका हॉलिडे क्लबचे पंचवीस वर्षांचे सभासद. दरवर्षी त्यांच्या खात्यात ठरावीक पॉइंट्स जमा व्हायचे आणि ते वापरून क्लबच्या चार-पाच ठिकाणी आम्हाला आठवडाभर राहता यायचं. ती ठिकाणं आम्ही इतक्यांदा पाहिली होती की तिथले वॉचमन माझ्या मुलीला ठमी म्हणून हाक मारत. नानांच्या मनात मात्र भलतंच एक ठिकाण होतं. तळ्याकाठचं, लाकडी बाल्कनीचं, दुसऱ्याच कंपनीचं. क्लबबाहेरच्या अशा जागाही पॉइंट्स देऊन मिळतात. माहितीपुस्तिकेतल्या त्या फोटोभोवती नानांनी पेन्सिलीने गोल केला होता आणि दरवर्षी ते सासूबाईंना सांगायचे, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी फुप्फुसांचं दुखणं. अकरा महिन्यांपूर्वी ते गेले.

नाना गेल्याचं क्लबला कळवायचं राहूनच गेलं होतं. आज कळवू, उद्या कळवू, असं करत आम्ही चालढकल केली. मग बायको म्हणाली, या वर्षी आईला तिथे नेऊ या. सासूबाईंना मीही आईच म्हणतो. अकरा महिन्यांत आईंनी पहिल्यांदा कशाला तरी हो म्हटलं होतं, त्यामुळे मला मागे हटता येईना.

अडचण एकच होती. क्लबच्या स्वतःच्या जागी घरचं कोणीही गेलं तरी चालतं, पण बाहेरच्या जागी मूळ सभासद स्वतः हजर लागतो. पुस्तिकेत तसं जाड अक्षरात छापलं होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे, लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणं हाच माझा धंदा, त्यामुळे वाचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण मला एक कला येते. नानांचा आवाज मी हुबेहूब काढतो. ते असतानाही काढायचो, त्यांच्यादेखत, आणि सगळ्यांत जास्त तेच हसायचे.

फोनवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली, मी सांगितली. ओळख पटवण्याचा प्रश्न विचारला, पहिल्या शाळेचं नाव. ते नानांच्या डायरीत होतं. मग ती म्हणाली,

"सर, तुम्ही स्वतः येणार ना?"

"येणार म्हणजे काय," मी नानांसारखं खाकरून म्हणालो, "मी स्वतः येणार."

किती जण, या प्रश्नाला पाच असं उत्तर द्यावं लागलं. फोन ठेवल्यावर ठमी हसून हसून सोफ्यावर लोळली. बायकोही हसली. आई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की अगदी त्यांचाच आवाज होता, आणि कपाट उघडून आत काहीतरी शोधू लागल्या.

तिथे पोहोचल्यावर काय थाप मारायची हे मी गाडीत पाठ केलं. निघता निघता सासऱ्यांना चक्कर आली, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, वगैरे. भर दुपारी आम्ही पोहोचलो. ऊन लख्ख होतं. तळं फोटोतल्यासारखंच होतं, फक्त फोटोत तिथली शांतता येत नाही. पाखरू नाही, वारा नाही. पाण्याला एक जुना, शेवाळी वास येत होता. बाकीच्यांना गाडीजवळ थांबवून मी एकटाच रिसेप्शनला गेलो.

"आमच्या सासऱ्यांना अचानक..." बुकिंगचं नाव सांगून मी सुरुवात केली.

"आलेत ना ते," क्लार्क म्हणाला. "सकाळीच आले. वर आहेत."

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. नानांची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे ओढून नावाखाली रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. ती दोन टिंबं कशाला, म्हणून मी त्यांना कितीदा चिडवलं होतं. क्लार्कने एक किल्ली पुढे केली आणि दुसरी त्यांच्याकडे असल्याचं सांगितलं. मी त्याला विचारलं की ते दिसायला कसे होते. तो जरा गोंधळला, म्हणाला, वयस्कर होते, चालताना दम लागत होता, खुर्ची देऊ का विचारलं तर नको म्हणाले.

कोणीतरी नानांच्या पॉइंट्सवर डल्ला मारतोय, असं मी स्वतःला बजावलं. जिना चढताना बायकोच्या कानात तेवढंच सांगितलं. तिने ठमीचा हात घट्ट धरला.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं. किटली हाताला गरम लागली. पलंगाच्या एका बाजूची चादर दबलेली होती आणि उशीजवळ चष्मा ठेवला होता.

मी तो उचलून काड्या उघडल्या. चष्मा मीच केलेला होता. डाव्या काडीचा स्क्रू पडला म्हणून मी त्यात पितळेचा बसवला होता, त्या फ्रेमला तसा स्क्रू कोणी बसवत नाही. जवळचं वाचायला नानांना लागणाऱ्या त्या जाड काचा मी स्वतः घासल्या होत्या. आणि तो चष्मा हॉस्पिटलमधून आणल्यापासून आमच्या घरी, माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात होता.

बाल्कनीत दोन खुर्च्या पाण्याकडे तोंड करून शेजारी-शेजारी लावल्या होत्या. आईंनी खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ बाल्कनीत गेल्या आणि डावीकडच्या खुर्चीत बसल्या. ठमी उजवीकडच्या खुर्चीकडे धावली, तेव्हा त्यांनी तिला हात धरून थांबवलं. तिथे नको, आत खेळ, म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता.

आम्ही लगेच निघायला हवं होतं. मी तसं म्हणालोही. पण आई जागच्या हलायला तयार नव्हत्या आणि त्यांना जबरदस्तीने उचलून न्यायचं तरी कसं. एक रात्र काढू, सकाळी निघू, असं आम्ही नवराबायकोने ठरवलं. बायको ठमीला घेऊन खाली बागेत गेली. मी आत पलंगाच्या कडेवर बसून राहिलो.

बाल्कनीच्या दाराला जाड पडदा होता. त्यापलीकडून आईंचं बोलणं ऐकू येत होतं. हळू, सावकाश. थोडं बोलायच्या, थांबायच्या, पुन्हा बोलायच्या. ठमीच्या शाळेचं, गळक्या नळाचं, माझ्या दुकानाचं. त्यांच्या थांबण्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकदा वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. आम्ही वर्तमानपत्र आणलं नव्हतं. त्यापाठोपाठ कोणीतरी खाकरलं... मी फोनवर खाकरलो होतो अगदी तसंच, फक्त दमलेलं.

मी खूप घाबरलो होतो, आणि नुसता भुताला घाबरलो होतो असं नाही. कारण तिथे नाना असतील, तर ते आईंना काय सांगत असतील, ते मला माहीत होतं.

नानांच्या शेवटच्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी एकटा होतो. आई दोन रात्री जागून बाहेरच्या बाकावर नुकत्याच झोपल्या होत्या. नानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, जावईबापू, तिला बोलवा. मी म्हणालो, आत्ताच डोळा लागलाय, उठल्या की बोलावतो. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही उठायचा कंटाळा आला होता. पाऊण तासात सगळं संपलं. झोपेतच गेले, काही बोलले नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. अकरा महिने तेच सांगत आलो.

ऊन उतरल्यावर आई आत आल्या. पदराने चेहरा पुसत त्यांनी सहज विचारलं,

"त्या दिवशी त्यांनी मला बोलवायला सांगितलं होतं का हो?"

"नाही, आई," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि किटलीत पाणी भरायला गेल्या. त्यांनी दोन कप काढले.

सकाळी आम्ही निघालो. क्लार्कने हिशेबाचा कागद दिला आणि सांगितलं की सर मागे थांबतायत, तुम्ही पुढे व्हा म्हणालेत. उरलेल्या पॉइंट्सवर त्यांनी पुढच्या महिन्याचंही बुकिंग केलंय. कागदावर ते छापलेलं होतं. हीच खोली, पुढच्या महिन्याची बारा तारीख. माणसं दोन. मूळ सभासद, आणि सोबत पत्नी. परतीची तारीख लिहायचा रकाना रिकामा होता.

तो कागद मी खिशात कोंबला आणि कोणाला दाखवला नाही. पण घरी आल्या दिवसापासून आईंनी बॅग भरायला घेतली. दोन साड्या, शाल, नानांचा जुना स्वेटर. त्या आनंदात होत्या, आणि मला त्याचीच भीती वाटायची. जेवण दोन घासांवर आलं. दिवसातले दहा-बारा तास त्या झोपून काढायच्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. बायको रडायची, म्हणायची, आई डोळ्यांदेखत विझत चाललीय. आईंच्या उशाशी तो चष्मा असायचा. तो त्यांनी कधी बॅगेत टाकला, मला कळलंच नव्हतं.

नऊ तारखेला मी दुकान बंद ठेवलं आणि बुकिंग रद्द करायला घरूनच फोन लावला. तीच मुलगी होती. रद्द फक्त सभासदालाच करता येतं, म्हणाली. मी नानांचा आवाज काढला.

"ठीक आहे सर. ओळखीचा प्रश्न विचारते. तो तुम्ही गेल्या महिन्यात बदललाय." मग ती वाचून दाखवावं तसं सपाट आवाजात म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी कोणाला बोलवायला सांगितलं होतं?"

मी मान वर केली. आई दारात उभ्या होत्या. चौकटीला धरून, अंगावर शाल घेऊन. फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल इतका मोठा झाला होता. त्यांनीही प्रश्न ऐकला होता.

खोटं उत्तर दिलं तर बारा तारीख तशीच राहणार होती. खरं दिलं तर आईंसमोर द्यावं लागणार होतं. नानांचा आवाज मला आता काढताच येईना. मी माझ्याच आवाजात म्हणालो,

"त्यांच्या बायकोला. दोनदा सांगितलं होतं... मी बोलावलं नाही."

आईंनी डोळे मिटले.

"उत्तर बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "पण तीन दिवसांवर आलेलं बुकिंग रद्द होत नाही, सर. सोबतच्या माणसाचं नाव तेवढं बदलता येईल. बदलायचंय का?"

मी आईंकडे पाहिलं. शालीतून त्यांच्या खांद्याची हाडं दिसत होती. पलीकडच्या खोलीत बायको ठमीची वेणी घालत होती, ठमी नेहमीसारखी कुरकुरत होती. मी माझं नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं.

"नोंद केली," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्ही स्वतः येणार ना?"

मी हो म्हणालो.

आईंनी त्याच दुपारी बॅग रिकामी केली आणि रात्री पोटभर जेवल्या. माझ्याशी त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. बायकोला मी काही सांगितलेलं नाही. आज अकरा तारीख. मी उद्या कुठेही जाणार नाही, दाराला आतून कुलूप घालून घरात बसणार, असं मी पक्कं ठरवलं आहे.

फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा तो चष्मा काउंटरवर ठेवलेला होता. पितळेचा स्क्रू तोच, फ्रेम तीच. काचा मात्र पातळ वाटल्या म्हणून मी नंबर मोजायच्या मशीनखाली धरून पाहिल्या. नानांना जवळचं दिसत नसे, मला लांबचं दिसत नाही. दोन्ही काचा लांबच्या, माझ्याच नंबरच्या होत्या, माझ्या डाव्या डोळ्याचा तिरका नंबरसुद्धा धरलेला होता. मी चष्मा घालून पाहिला. रस्त्याच्या पार टोकाच्या पाटीवरची अक्षरं मला स्वच्छ वाचता आली, आणि पाटीखाली दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लावून ठेवलेल्या दिसल्या.