पांढरी रेघ आणि दोन ठिपके

मिस्त्रीची मुलगी आली ती हत्यारांची पिशवी घेऊनच. पिशवी तिनं खाली ठेवली नाही. मांडीवर धरून बसली, कायमचं गाव सोडणाऱ्या माणसानं बोचकं धरावं तशी.

"माझी चूक शोधून द्या," ती म्हणाली. "सापडली की ही पिशवी बाबांना परत करते आणि स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला उभी राहते."

"चूक आहे हे ठरलंच वाटतं," ताई म्हणाली.

ताईनं तीस वर्षं गिअरच्या कारखान्यात माल तपासला होता. निवृत्तीनंतर तिनं एक खोली घेतली आणि लोकांच्या भानगडी तपासायला सुरुवात केली. दारावरची 'खासगी तपास' ही पाटी धाकट्या भावानं रंगवली होती. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्याचा अनुभव होता त्याचा. खाली जागा उरली म्हणून त्यानं एक भिंगही काढलं होतं. ते ताईला अजून पटलेलं नव्हतं.

मुलीची हकीकत सरळ होती. एका ट्रकचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दात्यांचा डबा, खराब झाला होता. बसवायला मिळाला तो डबा दुसऱ्या जातीचा. त्याचं नाक चार बोटं लांब आणि तोंड मोठं. त्यामुळे इंजिनाकडून मागे येणारा जुना शाफ्ट लांब पडला आणि त्याचं टोकही जुळेना. मिस्त्रीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की हे काम पोरीचं, मी हात लावणार नाही. मुलीनं शाफ्टची नळी चार बोटं कापली, नव्या तोंडाचं टोक स्वतः वेल्ड केलं. शनिवारी ट्रक पळवून पाहिला. समोर ठेवलेल्या भरल्या ग्लासातलं पाणी सांडलं नाही. रविवारी गॅरेज बंद. सोमवारी ट्रकवाला माल भरून निघाला आणि दहा मैलांवरून परतला. ट्रक अंगात आल्यासारखा थरथरत होता.

"आता तो कोणाला हात लावू देत नाही. चारला दुसऱ्या गॅरेजात नेणार आहे. बाबा काही बोलत नाहीत." मुलीचा आवाज बारीक झाला. "रागावले असते तरी चाललं असतं."

वाटेत भावानं विचारलं, की एका नळीनं एवढा ट्रक कसा काय हलतो.

"पलंग उचलून नेणारे दोघं आठव," ताई म्हणाली. "पावलं जुळली तर पलंग पाण्यासारखा जातो. एकाचं पाऊल आधी, एकाचं नंतर पडलं, की पलंग हिसके देतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लोखंडाचे दोन-दोन कान असतात. इकडचे आणि तिकडचे कान एका रांगेत असले की पावलं जुळली."

"आणि ते आपोआप रांगेत राहतात?"

"नाही ना. मध्ये एक सरकता सांधा असतो. खड्ड्यात चाकं खालीवर होतात, तेव्हा शाफ्टला थोडं लांब-आखूड व्हावं लागतं. खाचांचा दांडा आणि त्यावर खाचांचंच म्यान. एकदा म्यान उपसलं, की परत कुठल्याही खाचेत बसतं. बसवणाऱ्यानं लक्ष ठेवायचं."

भावानं मान डोलावली. त्याला पलंग कळला होता. म्यानाचं पुढे बघू, असं त्यानं ठरवलं.

गॅरेजमध्ये ट्रकवाला ट्रकच्या पायरीवर पहाऱ्याला बसावा तसा बसला होता. ताईनं नुसतं बघायची परवानगी मागितली. ट्रक रविवारी कुठे होता, या प्रश्नावर त्यानं शटरकडे बोट दाखवलं. आत, कुलपात. किल्ल्या दोघांकडेच, मिस्त्री आणि त्याचा भाऊ, म्हणजे पोरीचे काका. "मला कोण देतो किल्ली? माझ्याच ट्रकला भेटायचं तर वेळ घ्यावी लागते," तो म्हणाला.

ताई साडी खोचून ट्रकखाली शिरली. मागोमाग भाऊही कण्हत शिरला. मुलगी बाहेरूनच म्हणाली, की वेल्ड तिनं दहादा पाहिलं आहे, तिथंच काहीतरी वाकलं असणार.

ताईनं वेल्डकडे एकदाच पाहिलं आणि सरकत्या सांध्यावरचा चिखल पुसला. म्यानावर बोटभर जाडीची पांढऱ्या रंगाची रेघ निघाली. दांड्यावरही तशीच रेघ होती, पण भलतीकडे वळलेली.

"एकाच फटक्यात ओढलीय," भाऊ म्हणाला. रंगाचा विषय निघाला की त्याची जीभ सुटायची. "इथं ब्रश टेकवला, तिथं उचलला. केसांच्या खुणा बघ, या अर्ध्यातून त्या अर्ध्यात जातात. हात चांगला आहे पोरीचा."

ताईनं त्याच्याकडे क्षणभर कौतुकानं पाहिलं. मग डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला. "हं," म्हणाली आणि बाहेर आली.

काका शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम करायचे. ते आधीच फुगलेले होते. एवढा महत्त्वाचा सांधा, आणि घरात वेल्डर असून पोरीनं स्वतः केला. ताईनं रॉडचं खोकं पुढे करून विचारलं, की हेच रॉड वापरले का. काकांनी हातभर लांबून मुंगीएवढ्या अक्षरांतला नंबर घडाघडा वाचला. रविवारी ते सासुरवाडीला होते म्हणे.

"खूण रंगानं करायची ही कुणाची पद्धत?" ताईनं विचारलं.

"तिचीच. दादाचं सगळं जुनं. पंच ठेवायचा, हातोडी मारायची, लोखंडात ठिपका पाडायचा. रंग पुसतो, ठिपका मरेपर्यंत राहतो, असं म्हणतो तो." काका थांबले. "पण वेल्ड चांगलं झालंय हो. तिला सांगू नका मी म्हटलं ते."

मिस्त्री आत स्टुलावर बसला होता. भाऊ खोकला तशी त्यानं नमस्कार केला, चहा ओतला. ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवलं होतं. मग ताईनं मागितला तो पाना त्यानं फळीवरच्या वीस पान्यांतून नुसत्या अंगठ्यानं उचलून दिला.

"किती वाजले हो?" त्यानं विचारलं.

समोर परातीएवढं घड्याळ होतं. भावाला वाटलं, बंद असेल. पण काटा सरकत होता. "साडेतीन," तो म्हणाला.

"चारला नेणार," मिस्त्री पुटपुटला आणि कप फिरवत बसला.

ताईनं सगळ्यांना ट्रकजवळ बोलावलं.

"पोरीचं काम बरोबर होतं," ती म्हणाली. "शनिवारी पाणी सांडलं नाही, तिथंच ते सिद्ध झालं. तिनं कान रांगेत लावले आणि सांध्यावर एका फटक्यात रेघ ओढली. आज त्या रेघेचे दोन तुकडे दोन दिशांना आहेत. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी म्यान उपसलं आणि दुसऱ्या खाचेत बसवलं. पोरी, तुला भीती वेल्डची होती, म्हणून तू वेल्डच पाहत राहिलीस. भीती असते तिकडेच डोळे जातात."

ट्रकवाल्यानं काकांकडे पाहिलं. काका लाल झाले.

"त्यांच्याकडे पाहू नका. ते मुंगीचं नाव वाचतील. ही बोटभर रेघ त्यांना दिसली असती. आणि कोणाला बिघाडच करायचा असता, तर त्यानं म्यान कसंही ठोकलं असतं. पण सांध्यावर दोन जुने ठिपके आहेत, पंचचे. ते आज एकमेकांसमोर केसाचाही फरक न ठेवता लावलेले आहेत. हे काम बिघडवणाऱ्याचं नाही, काळजी घेणाऱ्याचं आहे. जुन्या टोकासाठी ते ठिपके खरे होते. पोरीनं नवं टोक वेल्ड केलं, त्याचे कान नळीवर जुन्या जागी आले नाहीत, आणि त्या दिवशी ते ठिपके खोटे झाले. हे ज्याला रेघ दिसते त्याला कळलं असतं. ज्याला रेघ दिसत नाही, फक्त बोटाला ठिपका लागतो—"

ती थांबली. पुढचं बोलायची गरज राहिली नव्हती.

"ठिपके जुळत नव्हते," मिस्त्री हळूच म्हणाला. "रविवारी आलो. नुसता हात फिरवून बघणार होतो. मला वाटलं, पोरीची पहिलीच चूक. गुपचूप नीट करून ठेवावी, कोणाला कळायला नको. हात लावणार नाही असं बोलून बसलो होतो. मग ट्रक थरथरत आला, तेव्हा वाटलं, मी नीट केलं तरी हलतोय म्हणजे वेल्डच गेलं. ते कुठल्या तोंडानं सांगू?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "घड्याळात किती वाजलेत?"

मिस्त्रीनं घड्याळाकडे तोंड केलं. "डोळ्यांपुढे ढग आहे एक," तो म्हणाला. "वर्ष झालं. सांगितलं असतं तर तुम्ही पाना काढून घेतला असता हातातला."

मुलीनं पिशवी उघडली आणि ट्रकखाली शिरली. ट्रकवाल्यानं पायरीवरून उतरून तिला दिवा धरला, हे भावानं मनात नोंदवलं. म्यान उपसलं, पांढऱ्या रेघेला रेघ भिडली. ट्रक मोठ्या रस्त्यानं जाऊन आला. ग्लास होता तसा भरलेला. ट्रकवाल्यानं त्यातलंच पाणी पिऊन टाकलं आणि दुसऱ्या गॅरेजचं नाव पुन्हा काढलं नाही.

"ते जुने ठिपके कानशीनं घासून टाक पोरी," मिस्त्री म्हणाला. "आणि माझी फळीही आता—"

"फळी राहू दे," मुलगी म्हणाली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. गॅरेज काका उघडतील."

तिनं जुने ठिपके घासले. मग रेघेवरच पंच ठेवला, एकदा म्यानावर, एकदा दांड्यावर. हातोडीचे दोन टोले पडले. तिनं बाबांचा हात धरून ट्रकखाली नेला आणि अंगठा तिथं टेकवला.

मिस्त्रीचा अंगठा एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेला, परत आला.

"जुळलेत," तो म्हणाला.

घरी जाताना भाऊ म्हणाला, "ताई, ते म्यानाचं मला आत्ता कळलं."

"आणि मला ब्रशच्या केसांचं कधीच कळलं नसतं," ताई म्हणाली. "पाटीवरचं ते भिंग राहू दे."