कोरडा पत्रा

"कुंदन, चाकात हवा भरलीस का? नाहीतर तरसोदच्या गणपतीपर्यंत सायकल डोक्यावर न्यावी लागेल तुला!" गच्चीच्या कठड्यावरून वाकून मोहिनी ओरडली.

"कधीच भरली! तूच खाली ये आता, महाराणी!" अंगणातून कुंदनचा आवाज आला.

मोहिनी धुळ्याची. दिवाळीच्या सुट्टीत ती असोद्याला अभिमनमामांकडे आली होती. मामेभाऊ कुंदन आठवीत, मामेबहीण दिपमाला पाचवीत आणि मोहिनी मधे, सातवीत. तिघं एकत्र जमली की मामी दारं-खिडक्या मोजून घ्यायच्या!

मोहिनी वळणार इतक्यात तिची नजर शेजारच्या कापसाच्या गोदामावर गेली आणि ती थबकली. रात्री खूप दव पडलं होतं. गोदामाचं पत्र्याचं छप्पर कसं ओलं, पांढुरकं झालं होतं. पण मागच्या कोपऱ्यात खाटेएवढी एक जागा अगदी कोरडी होती! आणि साऱ्या छपरावरचे पारवे तेवढ्याच जागेत एकमेकांना चिकटून बसले होते.

"अगं, ते काल पण तिथंच होते," मागून आलेली दिपमाला लाडू खात म्हणाली. "मला वाटलं, त्यांची सभा भरलीय!"

तेवढ्यात कुंदनही वर आला. "वर झाड असेल. झाडाखाली दव कमी पडतं."

"पण झाड कुठे शे तिथे?" मोहिनी बोलून गेली.

"शे! शे! धुळं बोललं!" कुंदन खो खो हसला. पण मग त्यानंही डोळे बारीक करून पाहिलं. झाड नव्हतं. पत्राही बाकीच्यांसारखाच होता.

"पारवे ऊब शोधतात," मोहिनी हळूच म्हणाली. "तो पत्रा गरम आहे, कुंदन. म्हणून तिथलं दव वाळलं. पण खाली तर नुसता कापूस आहे! मग ही ऊब येते कुठून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तरसोद राहिलं बाजूला! तिघं धडाधड जिना उतरली.

त्या गोदामात अर्ध्या गावाचा कापूस होता. भाव चढेपर्यंत सगळ्यांनी मिळून तिथं ठेवलेला, छताला टेकेल एवढी उंच गंजी! मामांची सगळी वेचणीही त्यातच होती. आणि गोदामाच्या भिंतीला लागूनच घरांची रांग सुरू होत होती.

गोदामाची देखरेख लीलाधरनानांकडे होती. ते कुठल्याशा लग्नाला निघाले होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मोहिनीचं ऐकून ते मोठ्यानं हसले.

"आग? पोरायहो, धूर दिसला का कुठं? वास आला?"

"गावभर फटाक्यांचाच वास आहे नाना, दुसरा कसा कळणार?" कुंदन म्हणाला.

नानांनी दार उघडलं, गंजीत मनगटापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून तिघांपुढे नाचवला. "हे पहा! गारेगार! जा, किल्ला करा, लाडू खा!"

दार बंद झालं. कुलूप लागलं. नाना पानाच्या टपरीकडे चालू लागले.

"गार तर होता की," दिपमाला हिरमुसून म्हणाली.

मोहिनी मात्र तिथंच उभी होती. नाना एवढे मोठे, आपण चुकत असू तर? पण तो कोरडा पत्रा डोळ्यांपुढून हलेना.

"दिपे, थंडीत आपण गोधडी का घेतो?"

"ऊब यावी म्हणून."

"गोधडी ऊब देत नाही गं! आपल्या अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. आत कापूसच असतो ना? मग या गंजीच्या पोटात विस्तव असला, तरी बाहेर हाताला काय कळणार?"

"मग आतलं कळायचं कसं?" कुंदननं विचारलं.

"उकळत्या वरणात स्टीलचा डाव राहिला तर काय होतं?"

"चटका बसतो! लोखंड!" कुंदन उडालाच. "आपल्या स्लॅबच्या उरलेल्या सळया आहेत परसात!"

गोदामाच्या मागच्या भिंतीला दोन जाळीच्या खिडक्या होत्या. गंजी त्यांना आतून टेकलेलीच होती. सावलीत पडलेल्या दोन गार सळया तिघांनी ओढत आणल्या. एक लांबच्या खिडकीतून आत खुपसली, दुसरी कोरड्या पत्र्याच्या खालच्या खिडकीतून. दोघांनी जोर लावला तेव्हा ती हळूहळू आत सरकली. दिपमालानं धावत जाऊन दिवाळीतली उरलेली मेणबत्ती आणली आणि मग तिघं वाट पाहत बसली.

"आता ओढ," बऱ्याच वेळानं मोहिनी म्हणाली. "हाताला फडकं गुंडाळ!"

आधी लांबची सळई निघाली. तिच्यावर मेणबत्ती टोकापर्यंत घासली. काही नाही. मग दुसरी निघाली. अर्ध्यापर्यंत मेण तसंच घट्ट राहिलं. पुढे मऊ पडलं. आणि टोकाशी टेकताच, चर्र! मेण पाण्यासारखं वितळून खाली टपकलं! टोकाला करपलेला कापूस चिकटला होता.

"पळा!" कुंदन ओरडला.

टपरीवर नानांबरोबर अभिमनमामाही होते. नानांनी हात झटकला. "सळई उन्हात तापली असेल!"

"मग तुम्ही स्वतः घाला, नाना," मोहिनी म्हणाली. ती मागे हटली नाही. "सळई तुम्हीच निवडा. मी हातही लावत नाही."

"एवढं म्हणतेय पोरगी, तर पाहू ना," मामा म्हणाले.

नानांनी मुद्दाम तिसरीच सळई निवडली. गालाला लावून ती गार असल्याची खात्री केली आणि गंजीत खुपसली. थोड्या वेळानं मामांनी ती ओढून काढली. दिपमालानं मेणबत्ती टेकवली.

चर्र!

नानांचा चेहरा खर्रकन उतरला. "वेल्डिंग..." ते पुटपुटले. "या मागच्या खिडकीची जाळी जोडून घेतली तव्हा ठिणगी उडाली व्हती. तांब्याभर पाणी ओतलं आन् वरतून नवा कापूस टाकला. मले वाटलं, विझली!"

राखणदार जीवराम हे ऐकताच दाताळं घेऊन गंजीवर धावला. "फोडतो आत्ताच!"

"थांबा, जीवरामभाऊ!" मोहिनी त्याच्या आडवी झाली. "आत हवा कमी आहे म्हणून नुसतं धुमसतंय. एकदम फोडलं तर भडकेल!"

"बरोबर बोलतेय ती!" मामा गरजले. "आधी पाणी! जीवराम, बोअरची मोटर चालू कर! कुंदन, अग्निशमनला फोन लाव!"

बघता बघता सगळी आळी जमली. फवारणीचे पंप पाठीवर घेऊन माणसं आली. बायकांनी लांबच्या बाजूचा कापूस गाठोड्यांत बांधून बाहेर काढायला घेतला. गंजी वरून भिजवली आणि जळगावहून लाल गाडी आली तेव्हा जवानांनी ती बाजूनं हळूहळू उकरली. आत बैलगाडीच्या चाकाएवढं काळं भगदाड होतं, त्यात निखारे लालभडक! वारा लागताच एक जाळ भस्सकन उठला. दिपमालानं डोळेच मिटले. पण पाण्याचा जोरदार फवारा त्यावर बसला आणि नुसती वाफ उरली.

"विझली! विझली रे!" साऱ्या आळीनं एकच गलका केला. मधलं थोडं जळलं होतं, थोडं भिजलं होतं. बाकी सगळा कापूस वाचला होता. घरंही!

जवानांचे साहेब हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाले, "रात्री भडकली असती तर आम्ही येईपर्यंत ही आळी राहिली नसती. धूर नाही, ज्वाळा नाही, मग शोधली कोणी?"

सगळ्यांनी तिघांकडे बोटं दाखवली. मामांची छाती तर इंचभर फुगली होती!

लीलाधरनाना पुढे आले. लग्नाच्या सदऱ्यावर काजळीच काजळी. सगळ्यांसमोर त्यांनी मोहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मी हसलो तुले. चूक माझी. आज गाव तुम्ही राखलं!" बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मोहिनीनं वाकून त्यांना नमस्कार केला.

"बसा रे गाडीत!" साहेब म्हणाले. "ज्यांनी आग शोधली, त्यांची मिरवणूक नको?"

तिघं टुणकन चढली. दिपमालाच्या डोक्यावर साहेबांचं हेल्मेट नाकापर्यंत घसरलं. असोद्याच्या मुख्य रस्त्यावरून लाल गाडी निघाली, मागे पोरांची झुंड धावू लागली आणि मोहिनीनं घंटेची दोरी धरून सगळा जोर लावला.

ठण्! ठण्! ठण्!