एकतिसावा मेंदू

सीमंतिनीचं काम ऐकायला भारदस्त, करायला मात्र कंटाळवाणं. ग्वाल्हेरच्या एका इस्पितळातल्या संशोधन विभागात साठ धडधाकट माणसांच्या मेंदूंचे स्कॅन जमवलेले होते. प्रत्येक मेंदूचा पृष्ठभाग कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि एका ठरलेल्या नकाशावर बसवायचा. हा नकाशा म्हणजे कितीतरी मेंदूंची सरासरी, तसा मेंदू कुणाच्याच डोक्यात नसतो. म्हणून प्रत्येकाच्या घड्या थोड्याफार ताणाव्या लागतात, आणि किती ताणल्या त्याचा आकडा शेवटी येतो. कुणाचा पाच येतो, कुणाचा सात. सोमवारी एकतिसाव्या मेंदूचा आला शून्य.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थेट अपूर्वच्या नावाने. स्कॅन घेणारा तोच. माणूस मिळाला नसेल, म्हणून पठ्ठ्याने नकाशाचीच फाइल नवा नंबर देऊन ढकलली असणार. शुक्रवारी तिला प्रबंध सादर करायचा होता, तोही सगळी माहिती खरी असल्याची सही करून. याच्या आळशीपणापायी आपली तीन वर्षं मातीत जाणार, या विचाराने तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

विचारल्यावर अपूर्व चिडला नाही, आणि तेही तिला खटकलं.

"शक आहे तर सीधा बोल ना," तो म्हणाला. "त्या बाईंना परत बोलाव. मी खोलीत पायसुद्धा ठेवणार नाही."

मंगळवारी सकाळी त्या एकतिसाव्या नंबरच्या बाई, उषाताई, आल्या. शहरातल्या गोरखी भागातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगावर सुती साडी, चेहरा साधा. त्यांना दारात पाहताच सीमंतिनीला वाटलं, यांना तर आपण चांगलं ओळखतो. कुठून, ते काही केल्या आठवेना. तिने तसं बोलून दाखवलं तेव्हा उषाताई हसल्या.

"सगळ्यांनाच वाटतं, बेटा. पाटणकर बाजारात कुणी मावशी म्हणतं, कुणी काकू. परवा एक बाई गळ्यात पडून रडली... म्हणे तिची गेलेली बहीण मी. आता मी नाही म्हणणं सोडून दिलंय."

स्कॅन सीमंतिनीने स्वतः घेतला. निघताना ती रीतीप्रमाणे नमस्काराला वाकली आणि उषाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. आशीर्वादाला लागतो त्याहून अंमळ जास्तच वेळ तो तिथे राहिला. संध्याकाळी आकडा आला तो पुन्हा शून्य.

खरं तर तिने अपूर्वची माफी मागायला हवी होती. पण संशय म्हणजे गोचीड, एकाच्या अंगावरून निघाला की दुसऱ्याला चिकटतो. आता तिने मशीनवर संशय घेतला.

तपासायचा उपाय सोपा होता. या विभागात रुजू होणाऱ्याने पहिला स्कॅन स्वतःचा द्यायचा, असा शिरस्ता. त्यामुळे दोघांचेही जुने आकडे नोंदलेले होते. अपूर्वचा सहा. सीमंतिनीचा अकरा, विभागात सगळ्यांत मोठा, आणि त्यावरून अपूर्व तिला आडवळणी डोक्याची म्हणून चिडवायचा. बुधवारी दोघं आळीपाळीने मशीनमध्ये झोपले. मशीन बिघडलं असेल तर दोन्ही आकडे चुकणार होते.

गुरुवारी दुपारी ती एकटीच निकाल बघायला बसली. अपूर्वचा आकडा सहाच आला. मशीन ठणठणीत होतं.

खालच्या ओळीत तिचा आकडा होता, शून्य.

तिने चित्र उघडलं. डाव्या कानामागची तिची वाकडी घडी सरळ झाली होती. घडी न् घडी नकाशाबरहुकूम. तिला भयंकर भीती वाटली. तिने अपूर्वला हाक मारली.

तो आला आणि दारातच थबकला.

"अपूर्व, माझा आकडा बघ..."

त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, मोठ्या आपुलकीने. मग त्याने अदबीने एक खुर्ची तिच्यापुढे ओढली.

"इथं आरामात बसा ना तुम्ही," तो हळूच म्हणाला. "सीमंतिनी येईलच इतक्यात... आणि माफ करा हं, पण तुम्ही आमच्या आत्याच... नाही का?"