कंप्युटरने उगवलेलं गवत

"अगं, त्या आजोबांचे कान हिरवे झालेत!" ढापण्या हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी होता.

"मी नाही केले, कंप्युटरने केले!" झिपरी माऊस आपटत म्हणाली. "याला काही कळलं नाही की हा सरळ हिरवं फासतो!"

सुट्टी लागल्यापासून ही दोन मावसभावंडं मामाच्या फोटो स्टुडिओत ठाण मांडून होती. मामा जुने काळे-पांढरे फोटो रंगीत करून द्यायचा. बटण दाबलं की सॉफ्टवेअर अंदाजाने रंग भरायचं. चुकलेले रंग मग ब्रशने एकेक करून सुधारावे लागत. मामाला त्याचा भारी कंटाळा, म्हणून ते काम भाच्यांच्या गळ्यात पडलं होतं.

आत्ता पडद्यावर वाचनालयाच्या अंगणाचा फोटो होता. मामाने तो नुसतं बटण दाबून रंगवला होता आणि त्याची भलीमोठी प्रत वाचनालयाला देऊनही टाकली होती. "काय झकास हिरवळ होती हो तेव्हा!" म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. हिरवे कान एकालाही दिसले नव्हते!

झिपरीने कान दुरुस्त केले. मग ती फोटोत खाली सरकली आणि थबकली.

"ढापण्या, हे आजोबा गवतात उभे आहेत ना?"

"मग काय हवेत?"

"बाकीच्यांचे बूट दिसतायत. यांचे गुडघ्याखाली पायच नाहीत!"

ढापण्याचं हसू थांबलं. झिपरीने रंगाचा थर काढून टाकला. हिरवळ गेली आणि मूळ करडा फोटो उरला. आजोबांच्या पुढ्यात एक गोल दगडी कठडा होता, त्यावर दोर आणि बादली.

"विहीर!" ढापण्या कसाबसा म्हणाला.

अंगणात आता विहीर नव्हती. त्या जागी वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी ठेकेदाराने लोखंडी पायांचं स्टेज उभं केलं होतं.

"बुजवली असेल गं नीट..."

"नीट? मग स्टेजचा पाय रोज खाली का जातो? पिटुकली सांगत होती, ठेकेदारकाका रोज त्याखाली नवी वीट सरकवतात!"

पिटुकली म्हणजे झिपरीची पाच वर्षांची बहीण. आणि ती याच वेळी त्या स्टेजवर नाचाची तालीम करत होती!

मामा गिऱ्हाइकाकडे गेला होता, फोन उचलत नव्हता. झिपरीने करडा फोटो छापून घेतला आणि दोघं जिवाच्या आकांताने पळत सुटली. झिपरीला वाटेतली माणसं दिसत नव्हती. तिला नुसतं पिटुकलीचं दोन वेण्यांचं चिमुकलं डोकं दिसत होतं.

अंगणात गाणं जोरात चालू होतं. चिल्लीपिल्ली स्टेजवर धपाधप उड्या मारत होती आणि कोपऱ्यातला लोखंडी पाय दर उडीला कुरकुरत होता.

"काका, मुलांना खाली उतरवा! खाली विहीर आहे!"

ठेकेदार खुर्चीत पाय पसरून बसला होता. त्याने भिंतीवरच्या मोठ्या रंगीत फोटोकडे बोट दाखवलं. "डोळे आहेत का? सगळं गवत आहे तिथे! तो फोटो बघूनच मी जागा ठरवली."

"ते गवत कंप्युटरने घातलंय! हा बघा खरा फोटो!"

"मला अक्कल शिकवतेस? चल, हो बाजूला!"

कर्रर्र! लोखंडी पाय आणखी बोटभर खाली गेला. झिपरीने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. ओरडावं तर मुलं घाबरून तिथेच घोळका करतील! तेवढ्यात ढापण्या टाळ्या वाजवत पुढे झाला.

"चला रे, ग्रुप फोटो! जो आधी पायऱ्यांवर बसेल, तो पहिल्या रांगेत!"

मग काय विचारता! एकमेकांना ढकलत सगळी पोरं वाचनालयाच्या पायऱ्यांकडे धावली. गाणं एकटंच वाजत राहिलं.

झिपरीने श्वास सोडला. आणि तिला दिसलं, पिटुकली स्टेजवर परत चढत होती!

"ताई, माझी चप्पल!"

"चप्पल राहू दे! ये इकडे!"

कोपरा खचला. फळ्या तिरक्या झाल्या आणि पिटुकली घसरू लागली. झिपरीने स्वतःला स्टेजच्या कडेला पोटावर झोकून दिलं, हाताला लागली ती फ्रॉकची बाही मुठीत धरली आणि सगळा जोर लावून ओढली. दोघी मागे मातीत आपटल्या. त्याच क्षणी स्टेज कोसळलं आणि त्याखालची जमीन नाहीशी झाली.

गाणं बंद पडलं. मग खूप खोलवरून पाण्याचा आवाज आला.

ठेकेदार मटकन खाली बसला. ग्रंथपालबाई धावत आल्या. त्यांनी दोन्ही बहिणींना घट्ट धरलं. "पोरांनो! आज तुम्ही दोघं नसता तर..." त्यांनी ढापण्यालाही जवळ ओढलं. इतका वेळ धीट राहिलेली झिपरी आता मात्र हमसून हमसून रडली.

संध्याकाळी मामाने भिंतीवरचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. "शाबास गं," तो हळूच म्हणाला. "पोरं वाचवलीत, आणि मलाही. आता हा फोटो तूच रंगव."

झिपरीने बरेच दिवस घेतले. कठडा कसल्या दगडाचा, हे विहिरीतून निघालेले तुकडे पाहून ठरवलं. आजोबांचा सदरा कुठल्या रंगाचा, हे मात्र कुणालाच सांगता येईना. तिने तो करडाच ठेवला.

आता वाचनालयातला तो फोटो पाहून एखादा पाहुणा विचारतो, "हा सदरा रंगवायचा राहिला वाटतं?"

"राहिला नाही," ग्रंथपालबाई ताठ मानेने सांगतात. "आमच्या मुलीला त्याचा रंग ठाऊक नव्हता, म्हणून तिने भरला नाही!"