पारखी उलटं का निवडतेय?

काहीतरी गडबड होती, आणि ती कुणालाच कळत नव्हती.

टेबलावर काजूगर पसरलेले. वर एक कॅमेरा, खाली दोन बारीक पोलादी हात. ते हात चटाचट गर उचलत होते आणि चार डब्यांत टाकत होते. अख्खा गर पहिल्या डब्यात. पाकळी, म्हणजे दोन भाग झालेला गर, दुसऱ्यात. तुकडे तिसऱ्यात. चौथा डबा खराब मालाचा.

इथपर्यंत ठीक. पण त्या चौथ्या, खराब मालाच्या डब्यात जाऊन पडत होते ते सगळ्यात मोठे, सगळ्यात पांढरे, एक ओरखडासुद्धा नसलेले गर!

"अगो बाय माझे," शेवंताकाकी म्हणाली, "ह्या यंत्राक डोळे आसत की बटणां?"

सगळ्या बायका हसल्या. दूर्वा नाही हसली.

साल २०३८. वेंगुर्ल्याजवळच्या कुंभेवाडीत बायकांच्या सहकारी संस्थेचा छोटा काजू कारखाना होता. अडतीस बायका, सगळ्या मालकिणी. महिन्यापूर्वी एका कंपनीने हे यंत्र वापरून बघायला दिलं होतं. बायकांनीच त्याचं नाव ठेवलं, पारखी. ते बोलायचंसुद्धा, अगदी पुस्तकातल्यासारखं. उद्या शनिवारी सभा होती. पारखी ठेवायची की परत पाठवायची, ते उद्या ठरणार होतं. कंपनीचा इंजिनीअर दोनदा येऊन गेला, स्क्रू आवळले, दिवा बदलला, डोकं खाजवलं आणि निघून गेला.

दूर्वा बारा वर्षांची. मे महिन्याची सुट्टी, म्हणून ती रोज आईबरोबर यायची. आणि खरं सांगायचं तर पारखी चुकली की तिला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याची लाज वाटायची. मग परत बरं वाटायचं.

कारण असं होतं. तिच्या आईने, सुगंधाने, आधी नऊ वर्षं काजू फोडले होते. पायाने दांडा दाबायचा, हाताने मूठ ओढायची, टरफल उकलायचं. त्या टरफलात जे तेल असतं ना, ते कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, बोटं काळी पडतातच. मग सात वर्षांपूर्वी तिला निवडायच्या टेबलावर जागा मिळाली. स्वच्छ काम, पंख्याखाली. आता पारखी निवडायला लागली, तर निवडणाऱ्या आठ बायका जाणार कुठे? परत फोडायला. दुसरी जागाच नव्हती.

दुपारी बायका जेवायला बसल्या. दूर्वा पारखीसमोर जाऊन उभी राहिली.

"तू मुद्दाम करतेस का गं?"

"मुद्दाम करण्यासाठी मनात हेतू लागतो," पारखी म्हणाली. "माझ्याकडे फक्त नमुने आहेत."

"म्हणजे?"

"नमुने (शिकण्यासाठी दाखवलेली उदाहरणं). तुला मांजर ओळखायला कसं शिकवलं? कुणी व्याख्या सांगितली?"

"नाही. दिसलं की आई म्हणायची, ते बघ मांजर."

"माझंही तसंच. कंपनीने या टेबलावर कॅमेरा लावला. रोज सकाळची पहिली दहा मिनिटं चित्रण झालं, कारण तेव्हा खिडकीतून उजेड चांगला येतो. कोणता गर उचलला आणि कुठे ठेवला, एवढं मी बघितलं. हजारो वेळा. त्यातून माझी मी एक रीत काढली. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता (नमुन्यांवरून यंत्राने शिकलेली अक्कल) म्हणतात."

"मग रीत चुकीची काढलीस!"

"असेल. पण मला 'का' कळत नाही. मला फक्त 'किती वेळा' कळतं. मोठे पांढरे गर बायकांनी डब्यात न टाकता बाजूला काढले. पुन्हा पुन्हा. बाजूला काढलेलं म्हणजे खराब, असं मला सांगितलं होतं."

दूर्वाचं डोकं गरगरलं. चांगले गर कोण कशाला बाजूला काढेल? आई काढेल? शक्यच नाही!

चार वाजले. बायकांबरोबर आलेली लहान मुलं खिडकीपाशी जमली. तिथे एक पितळी वाटी असते. रोज चारला शेवंताकाकी ती मुलांना वाटते. दूर्वाच्याही हातावर चार गर पडले. मोठे. पांढरेशुभ्र. एक ओरखडा नाही.

ती चावता चावता थांबली.

हातातला गर बघितला. मग पारखीच्या चौथ्या डब्यातला बघितला. परत हातातला.

"काकी, ह्या वाटीत कधी घालता हे?"

"सकाळी, आणि कधी? पयली मूठ राखणदाराची. जागेचो राखणदार देव तो, तेका काय तुकडे देऊचे? निवडून निवडून बरे देतो आमी. मगे कामाक बसतो. चारला तोच परसाद पोरांका."

"ते त्या इंजिनीअरला सांगितलं होतं?"

"तेणां इचारल्यान, कामात काय काय करतास. ह्या काय काम हा?"

बस्स. सगळा घोळ तिथेच होता! निवडणारी प्रत्येक बाई सकाळी आधी सगळ्यात सुंदर गर शोधून राखणदाराच्या वाटीत ठेवायची. चित्रण नेमकं त्याच दहा मिनिटांचं. बायकांच्या दृष्टीने ते काम नव्हतंच, म्हणून कुणी बोललं नाही. आणि यंत्राने मन लावून शिकून घेतलं, की सुंदर म्हणजे खराब.

दूर्वाने पारखीला हळूच सांगितलं.

"पटतं," पारखी म्हणाली. "ते नमुने वगळले तर मी अर्ध्या दिवसात सुधारेन."

"कुणाला सांगणार आहेस?"

"कुणी विचारलं तर सांगेन. लपवणं मला शिकवलेलं नाही."

दूर्वाला एकदम रडू यायला लागलं. कोडं तिने सोडवलं होतं, आणि तेच नको झालं होतं. तोंड उघडलं तर आई परत फोडायला बसणार. गप्प राहिलं तर यंत्र परत जाईल, आईची जागा राहील. पण हे बरोबर आहे का? कुणाला विचारायचं?

शेवटी तिने आईलाच विचारलं. घरी जाताना, बांधावरून चालता चालता सगळं सांगून टाकलं.

"मी गप्प बसू?" दूर्वा म्हणाली.

"नको. असा लपवून ठेवलेली जागा किती दिवस टिकतली?"

"पण मग तू..."

"ता माका पण कळना नाय गो," आई म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर सांग. बघूया."

शनिवारी कारखान्यातच, पारखीसमोर भरलेल्या सभेत दूर्वा उभी राहिली. तिने सांगून संपवलं तेव्हा शेवंताकाकीने कपाळावर हात मारला. "राखणदाराचो वाटो खराबात घातल्यान!" आणि अख्खी सभा खो खो हसली.

हसणं संपलं आणि सगळ्यांना पुढचं आठवलं.

"म्हणजे आता ता बरा काम करतला," एक जण म्हणाली. "मगे आमी आठ जणी?"

"धाडा परत," दुसरी म्हणाली.

"परत धाडून काय?" तिसरी म्हणाली. " मोठ्या कारखान्यांत अशी यंत्रां आसत. तेंचो माल आधी जातलो, आमचो पडून रवतलो. मगे आठ काय, अडतीस जणी घरी."

दोघींचंही खरं होतं. दूर्वा एकीचं ऐकून मान हलवायची, दुसरीचं ऐकूनही हलवायची. न राहवून तिने पारखीलाच विचारलं, "तू चांगली आहेस की वाईट, एकदाच सांग ना!"

"उत्तर एक नाही," पारखी म्हणाली. "आपल्या देशात काही ठिकाणी काम खूप आणि हात कमी. एक डॉक्टर आणि बाहेर दोनशे आजारी. तिथे माझ्यासारखं यंत्र डॉक्टरला मदत करतं, कुणाचं काही जात नाही. काही ठिकाणी हात खूप आणि काम कमी. तिथे मी आले तर कुणाचं तरी काम जातं. यंत्र तेच असतं. फरक कशाने पडतो, ते माझ्या नमुन्यांत नाही."

फरक कशाने पडतो? दूर्वा विचार करत राहिली. खोलीच्या त्या टोकाला टरफलांचा ढीग होता, फोडायचे दांडे होते. तिथे कॅमेरा नव्हता.

"तुला निवडणंच का शिकवलं?" तिने विचारलं. "फोडणं का नाही?"

"निवडणं टेबलावर होतं, चित्रण सोपं. फोडणं अवघड, प्रत्येक काजूचा आकार वेगळा. मला काय शिकवायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी सोपं आधी घेतलं."

"त्यांनी कधी काजू फोडलाय?"

"नोंद नाही."

सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पण सुगंधा उठून उभी राहिली होती.

"म्हणजे बरा काम यंत्राक आणि जळणारा काम आमका," ती म्हणाली. "ह्या ठरवल्यान कोणी? आमी तर नाय. यंत्र ठेवूया. पण तेका आधी फोडूक शिकवूया. फोडणाऱ्या बायकांका निवडूक घेऊया, यंत्राक निवडूचा मागसून बघू."

"शिकेन की नाही, सांगता येत नाही," पारखी म्हणाली. "हजारो नमुने लागतील. चांगल्या हातांचे. आणि खूप गर मोडतील."

"मोडांदेत. तुकड्यांचे लाडू करू. पण एक गोष्ट. आमच्या हातांनी शिकवलेला आमच्या संस्थेचा रवतला. दुसऱ्या कारखान्यान ता आमका इचारल्याशिवाय वापरूचा नाय. कंपनीकडून तसा कागदावर लिहून घ्या."

एकेक हात वर गेला. सगळे नाही, एकतीस. सात बायकांना अजून भीती वाटत होती, आणि ती काही खोटी नव्हती.

दूर्वाला आता एवढं कळलं होतं. यंत्र आपणहून काही ठरवत नाही. कोणतं काम त्याला द्यायचं, कुणाकडून शिकवायचं आणि शिकलेलं कुणाचं, हे माणसंच ठरवतात. ठरवताना काम करणारी माणसं खोलीत असली पाहिजेत. बाकीचं अजून धूसरच होतं. दुसऱ्या गावात काय होईल? अशी सभा जिथे नसेल, तिथे? तिने वहीत प्रश्न लिहून ठेवले. दोन पानं भरली.

पंधरा दिवसांनी, कागद सह्या होऊन आला तेव्हा, फोडायच्या दांड्यावर कॅमेरा लागला. पारखीचे हात शेजारी मांडले. सुगंधाने एक काजू पात्यांमध्ये ठेवला, पाय दाबला, मूठ ओढली. टक्. गर अख्खा बाहेर.

पारखीने केलं. टक्. चुरा.

"पुन्हा एकदा दाखवाल का?" पारखीने विचारलं. "तुमचं मनगट शेवटी थोडं वळतं. ते कशासाठी?"

सुगंधाने चमकून आपल्या मनगटाकडे बघितलं. नऊ वर्षं तिने हे काम केलं होतं. हे कसं करतेस, असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"बस," तिने पदर खोचला. "सावकाश दाखवतंय. नीट बघ."