फुग्याखालची जागा

प्रकाशकांच्या कार्यालयात पाऊल टाकताक्षणीच भावजींना किळस आली. दाराशीच बुटांचं फडताळ होतं आणि त्यातून असा भपकारा येत होता, की त्यांनी रुमाल नाकाला लावला तो काढलाच नाही. फळ्यांवर मोठाले जाड कागद अंथरले होते, चिखलाने माखलेले.

"प्रकाशकांचा पुतण्या व्यायाम करून थेट इथे येतो," सोबत आलेली मुलगी म्हणाली. "बूट इथेच वाळत टाकतो."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भावजी त्यांचे धाकटे दीर. ते पिशवी सांभाळत आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेत. आजचं काम या मुलीचं होतं. 'लोहपंख' या चित्रकथेचा गाजलेला अंक, ज्यात उडणारा नायक पहिल्यांदा मुखवटा काढतो, तिच्या वडिलांनी चितारला होता. तेव्हा चित्रकाराचं नाव छापत नसत. आता अर्धांगवायूने वडिलांचा हात गेला, वाचा गेली, आणि नव्या आवृत्तीवर नाव येणार होतं प्रकाशकांच्या पुतण्याचं. छपाई उद्या होती.

"जाहिरात पाहिल्यापासून बाबा जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेत. अहो, पानाच्या कडेला रंगाच्या सूचनासुद्धा त्यांच्याच हातच्या असायच्या. छापील अंकात ती कड यायची नाही, एवढंच. आयुष्यात खोटं बोलले नाहीत ते. एक थाप सोडली तर."

"कोणती?"

"जाऊ द्या, लहानपणीची आहे."

प्रकाशक खुर्चीत रेलून बसले होते. अंकाचा विषय निघताच त्यांची कळी खुलली.

"संवाद सगळे माझे! चित्रं आधी पूर्ण व्हायची, मग मी शब्द लिहायचो. कोण काय बोलणार, हे चित्रकाराच्या गावीही नसायचं."

"आणि चित्रकार कोण होतं?"

"आमचा पुतण्या. हिचे वडील मदतीला असतील."

आता पन्नाशीला टेकलेला पुतण्या त्या काळी तिथे उमेदवारी करत होता. त्याने पानांची चळत टेबलावर आपटली. "ही मूळ पानं. बघा मावशी, खुशाल बघा."

पानं पांढरीशुभ्र होती. त्यांवर चिकटवलेले संवादांचे फुगे तेवढे पिवळट पडले होते. कडा कोऱ्या होत्या.

"रंगाच्या सूचना?"

"मला लागत नाहीत. डोक्यात असतं सगळं."

"बाकीचे जुने कागद कुठे आहेत?"

"अडगळ होती नुसती. कपाट मीच रिकामं केलं."

फुग्यांतली अक्षरं काढणाऱ्या बाई कोपऱ्यात कात्री आणि गोंद घेऊन बसल्या होत्या. त्यांचे हात थरथरत होते. "मी वेगळ्या कागदावर लिहून, फुगा कापून चित्रावर चिकटवायची. आभाळ मोकळं असलं तर आभाळावर, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर. या फुग्यांवरचं अक्षर माझंच आहे. पण हिचे वडील आणि हा, दोघं वरच्या खोलीत बसायचे. कोण काढायचं, ते मी पाहिलं नाही."

"हीच सामील आहे," भावजी कुजबुजले. "हात बघा की!"

"वय झालंय त्यांचं, भावजी. पातं द्या."

वहिनींनी पहिल्या पानावरच्या फुग्याखाली पातं सरकवलं. फुगा अलगद सुटला. खाली कोरा कागद होता. उडत्या लोहपंखाचा खांदा फुग्याच्या कडेशी येऊन थांबला होता. दुसऱ्या फुग्याखालीही तेच.

"चित्र आधी, शब्द मागून, असं तुमचे काका सांगतात," वहिनी म्हणाल्या. "मग फुगा नेमका इथे येणार, हे तुम्हाला आधीच कसं कळलं? खांदा अर्धाच कसा सोडलात?"

पुतण्या पानं गोळा करू लागला.

"खऱ्या पानांच्या कडेला दुसऱ्याचं हस्ताक्षर होतं, ती दाखवायची सोय नव्हती. म्हणून तुम्ही ती फुग्यांसकट नव्या कागदावर गिरवलीत. मग जुने फुगे सोडवून या नकलेवर डकवलेत, म्हणजे अक्षर खरं ठरावं. फुगे पिवळे आणि पान पांढरं, ते त्यामुळे. फुग्याखाली काय होतं ते तुम्ही पाहिलंत फुगे सोडवल्यावर, नक्कल झाल्यानंतर."

"मग खरी पानं जाळली की काय यांनी?" भावजींनी विचारलं.

"जाड कागद फुकट घालवायची यांची वृत्ती नाही."

वहिनी फडताळाशी गेल्या. ओलसर बूट स्वतःच्या हाताने खाली ठेवले आणि अंथरलेला कागद उलटा केला. मुखवटा हातात घेतलेला लोहपंख वर आला. कडेला बारीक अक्षरात रंगाच्या सूचना होत्या.

"बाबांचं अक्षर," मुलगी म्हणाली.

"कागदच तर आहेत," पुतण्या पुटपुटला. "एवढं काय त्यात!"

भावजींनी रुमाल खिशात घातला. बुटांची किळस कधीच ओसरली होती. आता किळस येत होती ती या माणसाची, आणि ती अंगभर आली होती.

वहिनींनी बाकीचे कागदही उलटले. शेवटच्या पानावर, लोहपंखाकडे पाहणाऱ्या गर्दीत गोंदाचा डाग होता. अंकात तिथे प्रकाशकांनी लिहिलेल्या लांबलचक संवादाचा फुगा होता. त्याखाली कठड्यावर एक पोर बसली होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, हात उंचावलेला.

मुलीने पानाशी बसून त्या पोरीवर बोट ठेवलं. "ही मी आहे. 'तुला अंकात काढलंय,' बाबा म्हणायचे. मी पानं उलटून उलटून शोधायची. थापाडे म्हटलं मी त्यांना."

प्रकाशकांनी घसा साफ केला. "झालं गेलं विसरून जाऊ. दोघांचीही नावं छापतो, मग तर झालं?"

तिने पदराने पानावरचा चिखल टिपला आणि उठली.

"बाबांचं एकट्याचं छापा. याच्या बुटांखाली राहिले तेवढे पुरे, आता याच्या शेजारी नकोत."

पान छातीशी धरून ती निघाली. बाबांना ते आजच जेवायच्या आधी दाखवायचं होतं.